खिंडीतील नऊ फेऱ्या

सोमवार, ४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नेहमीचे; त्यांत कपात केलेली नाही.

या पत्राने मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. ज्याने मंत्र शिकलेला नाही त्याच्या हाती मंत्राची शक्ती ठेवली, तर ठेवणारा त्याला काही देत नाही. त्याचे जे होते ते काढून घेतो. हे तू माझ्या बाबतीत केले आहेस. दुसरे वाक्य पहिल्यातून निघते की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव.

तू दोन गल्ल्या पलीकडे राहतोस. तरी लिहिते आहे, कारण समोरासमोर तू मला हसवतोस, आणि हसलेल्या माणसाने अर्धा वाद गमावलेला असतो. एकोणतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून एवढे तरी मला कळलेले आहे.

आधी निर्विवाद ते मांडते. तुला त्याचा विसर पडलेला दिसतो. बावीस वर्षांपूर्वी आपले वडील इस्पितळात होते तेव्हा, बाहेरच्या बाकड्यावर वाट पाहण्याचा वेळ सरावा म्हणून, आपण दोघांनी एक खेळ रचला. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो. बाकीचे तिच्यात एकेक पात्र होतात. कोणते धाडस जमले आणि कोणते फसले, ते दहा बाजूंचा फासा ठरवतो. पात्रांचे पेशे तीन: मांत्रिक, वाटाड्या आणि भालाईत. मंत्र केवळ मांत्रिकाकडे. हा नियम चौदा, आणि त्याच्याखाली आपल्या दोघांच्या सह्या आहेत. खेळाचे पुढे पुस्तक झाले. आता दुसरी आवृत्ती निघते आहे. तिचे कच्चे छापील पान अन् पान माझ्याकडे येते, कारण मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: नियम रचणारा तू, तपासणारी मी.

पान चौसष्ट. ‘भालाईत, सातवी पायरी. जिद्द: तिसरी जखम होऊनही भालाईत कोसळत नाही. त्यापुढच्या प्रत्येक फेरीत त्याचा फासा पाच किंवा अधिक पडला, तर जखम मिटते आणि तो उभा राहतो.’

जखम मिटते. कशाने? जिद्दीने माणूस दातओठ खाईल; त्याची कातडी शिवली जाणार नाही. हा मंत्रच आहे. त्याने टोपणनाव घेतले म्हणून मी त्याला ओळखणार नाही, असे तुला कसे वाटले?

मी फोन केला. तू म्हणालास, “अगं ताई, दातवाले चुटकीसरशी डोंगर उलटा करतात. आणि आपला भालाईत? त्याने काय भाल्याने पाठ खाजवत बसायचं?”

तुझा पक्ष दुबळा आहे असे मी म्हणत नाही. आपले दातवाले, म्हणजे तुझे शेजारी दंतवैद्य, मांत्रिक होतात तेव्हा त्यांची एक पाळी पाव तास चालते. तेवढ्यात मी चहा करून, गाळून, सर्वांना देऊन परत येते आणि एकदा फासा टाकते. हे दुखणे खरे आहे. मांत्रिकाचे मंत्र महाग कर. भालाईताला माणसे दे, घोडे दे, त्याच्या शब्दाला सैन्यात वजन दे. औषधे पुष्कळ आहेत. पण तू आवळा देऊन कोहळा काढलास. भालाईताजवळ भाल्याखेरीज काही नसते, म्हणूनच ‘तो उभा राहिला’ या वाक्याला अर्थ आहे. त्याला मंत्र दिलास की वाक्य एवढेच उरते: मंत्र उभा राहिला.

इथवर हा मतभेद होता. मतभेदासाठी मी कुणाला चार पाने लिहीत नाही.

आपली एक रीत आहे. आपल्या टेबलावर प्रत्यक्ष खेळून पाहिल्याखेरीज कोणताही नियम छापायचा नाही. खेळून झाला की समासात पेन्सिलीने नोंद करायची: प्रसंग कोणता, पात्र कोणते, निकाल काय. पाने तपासायला देण्याआधी ती नोंद खोडायची. त्रेसष्ट पानांवर तू ती खोडली आहेस. चौसष्टाव्यावर राहून गेली. ‘खिंड. भालाईत. यशस्वी.’

खिंडीत भालाईत एकच होता. तो मी होते.

चार वर्षांपूर्वीचा तो रविवार. गळ्याच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते, बोलण्याची मनाई होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएशनची पहिली खेप होती. मी फासा टाकायचे, आकडा पाटीवर लिहायचे, आणि माझ्या शेजारी बसलेली तुझी लेक तो मोठ्याने वाचायची. तुझ्यापुढे नेहमीचा पुठ्ठ्याचा पडदा होता; शत्रूचे फासे तू त्याच्याआड टाकत होतास. पूल ओलांडून गावकरी पार होईपर्यंत मी एकटीने खिंड नऊ फेऱ्या अडवली. माझा प्रत्येक फासा मी उघड्यावर टाकला आणि पडला तसा वहीत उतरवला.

त्यानंतर एकतीस खेपा. तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला पक्का करत. मान हलवता येत नसे. मी त्या नऊ फेऱ्या मोजत असे, एकेका फाशासकट. माझे अनुमान साधे होते. जी विनामंत्र नऊ फेऱ्या उभी राहिली, ती एकतीस वेळा पडून राहू शकेल. त्या अनुमानाला एवढा एकच दाखला होता.

तो दाखला खोटा होता काय? हो किंवा नाही, एवढे उत्तर चालेल.

रविवारी खेळायला येणार नाही. तुझा डबा धुऊन पाठवते आहे.

ताई


सोमवार, १८ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद पूर्ववत.

हो किंवा नाही मागितले होते. तू सात पाने पाठवलीस. त्यांतला ‘हो’ पाचव्या पानावर सापडला.

तू लिहितोस: “चौथ्या फेरीत माझा दहा पडला, तुझा तीन. तिसरी जखम. भालाईत मेला होता, ताई. मी पडद्यावरून पाहिलं तर तू गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होतीस. उद्या तुला जायचं होतं. मला ‘मेला’ म्हणता येईना. तो नियम महिनाभर वहीत पडून होता, तुला आवडणार नाही म्हणून दाखवला नव्हता. तोच लावला. म्हटलं, वार ढालीवर बसला.”

दया हे कृत्याचे कारण होऊ शकते. तो पुरावा होत नाही. तू दयाळू होतास हे सिद्ध झाले. मी उभी राहिले हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि मला तेवढेच हवे होते.

तू मला हरू द्यायला हवे होतेस. भालाईत चौथ्या फेरीत मेला असता, तर हरल्यानंतरच्या सकाळीही पायांत चपला घालून इस्पितळात जाता येते, हे मला कळले असते. ते ज्ञान लहान असते, पण माझे असते. त्याऐवजी तू मला एक विजय उसना दिलास आणि उसना आहे हे सांगितले नाहीस. मी त्यावर एकतीस मजले चढवले. वर्गात हेच एखाद्या विद्यार्थ्याने केले असते, तर मी त्याच्या वहीवर लाल रेघ ओढली असती. ‘आधार तपासला नाही.’ मी तो तपासला नाही, कारण आधार तू होतास.

काल तुझी लेक आली होती. तू पाठवलेली नाही असे म्हणाली; मी ते मान्य केलेले नाही. दारातूनच सुरू झाली.

“आत्या, पप्पा नीट जेवत नाहीयेत.”

“तो सूत्रधार आहे. करुण प्रसंग रचणं त्याला येतं.”

“तू ना, अगदी दगड आहेस.”

“दगड उभा राहतो. मंत्राशिवाय.”

तिने पिशवी खाली ठेवली आणि दातवाल्यांचा निरोप दिला. “ते म्हणाले, बाईंना सांग, बधिर न करता दात काढून घेतला तर लोक शूर म्हणत नाहीत, खुळा म्हणतात.”

“त्यांना सांग, टोचण्याआधी ते सुई दाखवतात.”

मग ती टेबलापाशी बसली, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, आणि तिने तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती आली होती. मुलगी हुशार आहे. तुझ्यावर गेलेली नाही.

“आत्या, ते रेडिएशनचं मशीन तू बनवलंस?”

“नाही.”

“चालवलंस?”

“नाही.”

“म्हणजे शक्ती परकीच. तू नुसती पडून होतीस. तरी आपण म्हणतो, आत्याने एकतीस खेपा काढल्या. मशीनने काढल्या असं कुणी म्हणत नाही. मग भालाईतानेच काय घोडं मारलंय?”

प्रतिदृष्टान्त नेमका आहे, हे मी तिला सांगितले. शक्ती परकी असली म्हणून सोसणे परके होत नाही. त्यामुळे माझे ४ मार्चचे विधान जसेच्या तसे टिकत नाही. त्यात एक शब्द घालावा लागेल. ‘नकळत’. मशीन मला सांगून लावले होते. संमतीपत्रावर माझी सही होती. खिंडीत माझी सही कुठे आहे?

यावर ती बराच वेळ बशी फिरवत राहिली. मग म्हणाली, “आत्या, सहाव्या फेरीत…”

“काय सहाव्या फेरीत?”

“काही नाही. चहा गार झाला.”

काय म्हणायचे होते ते तिला विचार. मी विचारलेले नाही.

आता निर्णय. पुस्तक १ एप्रिलला छापायला जाते. मुखपृष्ठावरून माझे नाव काढून टाक. ज्या आवृत्तीतला एक नियम तपासणारीलाच फसवून तपासला गेला, तिच्यावर तपासनीस म्हणून नाव असणे हा वदतोव्याघात आहे. आपण एक भरवशाची गोष्ट मिळून केली होती. ती आता तुझ्या एकट्याची आहे. नियम चौदाखालची माझी सही मात्र राहू दे. ती मी शुद्धीवर असताना केली होती.

त्याआधी एक मागणी. तुझी पडद्याआडची वही पाठव, ज्यात तू खिंडीची प्रत्येक फेरी टिपलीस. माझी वही माझ्याजवळ आहे. दोन्ही शेजारी ठेवून मला पाहायचे आहे की किती फेऱ्या माझ्या होत्या आणि किती तुझ्या. तीन जरी माझ्या निघाल्या तरी त्या घेऊन मी गप्प बसेन.

ताई


गुरुवार, २८ मार्च

चि. धाकट्यास,

वही मिळाली. आशीर्वाद आहेतच.

खिंडीचे पान मी उघडून माझ्या वहीशेजारी ठेवले. दोन्ही वह्यांवर चहाचा एकाच कपाचा डाग आहे. तुझ्या वहीवर अर्धा, माझ्या वहीवर अर्धा. हे पुराव्यात धरत नाही.

पहिल्या तीन फेऱ्या निर्वेध आहेत. दोन जखमा, एक वार ढालीवर. त्या तीन फेऱ्या माझ्या. मागितल्या तेवढ्याच निघाल्या, आणि मी म्हटल्याप्रमाणे इथे थांबले असते तर बरे झाले असते.

चौथी तू सांगितलीस तशी. तिथे तू ‘जिद्द सुरू’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. अक्षर वाकडे आले आहे. तुझे अक्षर वाकडे येत नाही.

माझा तीन तू सोडून दिलास, कारण नियम त्याच क्षणी सुरू होत होता. हे ग्राह्य धरते. पुढच्या फेरीपासून तुझ्याच नियमाप्रमाणे मला पाच किंवा अधिक हवे होते. पाचवी फेरी, ‘८’. नियम लागू, भालाईत उभा. सातवी, ‘६’. आठवी, ‘९’. नववी, ‘५’. हे सगळे नुसते आकडे आहेत. सहावीपाशी मात्र तू लिहिले आहेस, ‘पाटीवर ७’.

पाटीवर का? नऊच्या नऊ आकडे पाटीवरच होते. मग हा शब्द एकाच ठिकाणी का?

मी पर्याय मांडले. एक, तू सहज लिहिलेस. पण तू सहज लिहीत नाहीस, मोजके लिहितोस. दोन, आवाज ऐकू आला नाही म्हणून तू पाटी पाहिलीस. पण मध्ये पडदा होता, आणि त्यातून तुला ना पाटी दिसत होती ना माझा फासा. तीन. तिसरा पर्याय मी दोन दिवस कागदावर उतरवला नाही. मग तुझ्या लेकीला बोलावले.

“त्या दिवशी काय म्हणत होतीस? सहाव्या फेरीचं?”

“जाऊ दे ना आत्या.”

“बोल. मला बोलायची मनाई होती, तुला नाही.”

ती खाली बघून म्हणाली, “मी वाचताना थांबले होते. आधी फाशाकडे पाहिलं, मग पाटीकडे. तू माझ्याकडे बघितलंस. मग मी ‘सात’ म्हणाले.”

“का म्हणालीस?”

“सतरा वर्षांची होते गं मी. तू आजारी होतीस. आणि तुझ्याकडे बघून नाही म्हणायची कुणाची टाप होती?”

तर ती एक क्षण थांबली, आणि तेवढा विराम तुला पडद्याआड पुरला. तू आकडा घेतलास आणि शेजारी एक शब्द ठेवलास. इतक्या काटेकोरपणे तू कधी वागला नव्हतास.

आता निष्कर्ष. सहाव्या फेरीत नियमाला पाच हवे होते आणि पाच पडलेले नव्हते. तुझ्या मंत्राने चौथी फेरी धरली आणि पाचवी धरली. सहावीत तो संपला. नियमानुसार भालाईत तिथे दुसऱ्यांदा मेला. तिथून पुढे तो ज्यावर उभा होता, तो मंत्र नव्हता, आणि मी चार वर्षे म्हणत आले ते बळही नव्हते. तो खडूने लिहिलेला एक आकडा होता.

विसरले होते असे लिहिता आले असते. माझ्या वयाला ते शोभले असते आणि कुणी उलटतपासणी केली नसती. पण मुखवट्याखाली फेऱ्या मोजताना मी पाचवरून थेट सातवर जात असे. एकतीसच्या एकतीस वेळा. न आठवणाऱ्या गोष्टीला माणूस इतक्या नेमाने वळसा घालत नाही.

म्हणून ४ मार्चचे पत्र दुरुस्त करते. तू माझे काही काढून घेतलेस, हा भाग मागे घेते. चौथ्या फेरीत तू माझा पराभव माझ्यापासून लपवलास. सहावीत मी तो सगळ्यांपासून लपवला. जे मी स्वतः देऊन बसले होते, ते तू कुठून नेणार? नियमाबद्दलचे म्हणणे मात्र उभे आहे. परकी शक्ती चालेल. सांगून दिलेली असावी. मंत्र न शिकलेल्याच्या हातात काय ठेवले आहे, ते त्याच्या हाताला कळले पाहिजे.

आता एक आरोप, जो मागे घेत नाही. तुझ्या सात पानांत सहावी फेरी नाही. मी तुला चोर म्हटले होते, नाव काढायला लावत होते. ‘ताई, तो सात नव्हता’ एवढे लिहिले असतेस तरी माझा सारा दावा कोसळला असता. ती ओळ तुझ्या वहीत तयार होती. तू ती वापरली नाहीस. म्हणजे तू मला पुन्हा एकदा हरू दिले नाहीस. पहिल्या वेळचा राग मी समजू शकते. या दुसऱ्याचे काय करावे, त्याचे शास्त्र मला येत नाही.

आजवर मी समजत होते की आपल्या टेबलावर एक पडदा आहे आणि त्याच्या एका बाजूला तू आहेस.

कामाचे. पान चौसष्टवरची ‘यशस्वी’ ही नोंद खोटी आहे; मी ती खोडली आहे. म्हणजे ‘जिद्द’ या नियमाची चाचणी झालेली नाही. आपल्या रीतीप्रमाणे, चाचणीवाचून तो छापता येणार नाही. पाने सोमवारी छापखान्यात जातात. मध्ये रविवार आहे.

मी चार वाजता येईन. खिंड तीच, शत्रू तोच, सुरुवात पहिल्या फेरीपासून. पडदा मांडायचा नाही. तुझे फासे सर्वांना दिसतील, माझेही. आकडा तुझी लेक वाचेल, आणि या वेळी फाशाकडे पाहून वाचेल. तुझा नियम मी आधी वाचला आहे आणि तो मला लागू करण्यास माझी संमती आहे. या ओळीखाली सही समजावी. भालाईत मेला, तर तू ‘मेला’ म्हणायचे. मोठ्याने. म्हणता येईना, तर पाटी घेऊन येते आहे.

मुखपृष्ठावर माझे नाव ठेवायचे की नाही, ते चाचणीनंतर ठरवू. तपासनिसाने आधी निकाल लिहू नये.

डब्यात काही करून ठेवू नकोस. मी जेवून येईन.

ज्याची नोंद कुठल्याही वहीत नाही, ते खाली लिहून देते:

खिंडीतील सहाव्या फेरीत माझा फासा चार पडला होता. मी पाटीवर सात लिहिले. चष्मा डोळ्यांवर होता. ही एक चूक मला मान्य आहे.

(सही)
ताई